काळ्या कागदातल्या तीन बाटल्या

१४ मे २०१२. लाइट, टायमर आणि जुनी बॅटरी मिळून एक हजार आठशे चाळीस रुपये. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या पुंडलिकरावांनी त्यातले दोनशे चाळीस शेजारच्या शैलेंद्रकडून उसने घेतले. मुलीचं काम होतं. कॉलेजची प्रयोगशाळा उन्हाळ्यासाठी बंद झाली आणि ज्योतीने आपल्या सहा बाटल्या क्वार्टरवर आणल्या. आत भर समुद्रातलं पाणी, महिनाभर जहाजावर राहून आणलेलं. तेवढंच पाणी उरलं होतं, आणि प्रबंध जूनअखेर द्यायचा होता.

"यात जिवाणू आहेत, बाबा. त्या पाण्यात खायला जवळपास काहीच नसतं. मग ते उजेडावर तग धरतात."

"अच्छा! मग त्यांना राशनकार्ड बी नको."

"हसू नका. तीन बाटल्या उजेडात, तीन काळ्या कागदात. वीस दिवसांनी मोजायचं. तुम्ही फक्त लाइट पाहत राहा. हात लावू नका."

आणि ती आठ दिवसांसाठी भोपाळला मुलाखतीला गेली.

पत्नी अंजनीबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांची शिस्त घरात टिकून होती. आधी गाईचा घास काढायचा, घरात कुणी उपाशी असेल तर आपण ताटावर बसायचं नाही. पुंडलिकराव जेवायला बसत ते नेमके बाटल्यांसमोर. उजेडातल्या तिघींचं ठीक होतं. कागदातल्या तिघींना ना उजेड, ना अन्न. सहाव्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी भाताची पेज गाळली, निवू दिली आणि त्या तीन बाटल्यांत चमचा चमचा घातली. मग पोटभर जेवले.

परतल्यावर कागदावर पेजेचे डाग दिसले, तेव्हा ज्योतीने तो सोडला. पाणी ताकासारखं झालं होतं.

"बाबा, हे काहून केलं?"

"उपाशी होते ना, बेटा."

"उपाशीच ठेवायचे होते! अंधारात किती मरतात तेच तर पाहायचं होतं. आता उजेडातल्यांची तुलना कशाशी करू?"

"मी भेटतो तुझ्या सरांना. सांगतो, चूक माझी."

"सांगून पाणी येणार आहे का?"

पुंडलिकरावांनी दुसरी काही मदत करू का विचारलं, तिने नकारार्थी मान हलवली. प्रबंध जूनमध्ये गेला नाही.

टायमर कुणी काढला नाही. सकाळी सहाला लाइट आपोआप लागतो, उरलेल्या तीन बाटल्यांवर.

शैलेंद्रचे दोनशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.