शेवटचं सांगा

सोलापुरात बसून उभ्या महाराष्ट्रातली कॉलेजं चिमटीत धरून पारखणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा नवी पेठेत दुसऱ्याच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसत. स्वतः चौथी शिकलेले. मी नातेपुत्याला मॅट्रिक झालो आणि इतिहास शिकायचा म्हणून अडून बसलो, तेव्हा वडिलांनी सुनावलं, "शिष्यवृत्ती मिळाली तर शीक, नाहीतर आडतीवर बस." हे कळताच आतोबांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी कार्डं टाकटाकून गावोगावच्या कॉलेजांची माहितीपत्रकं मागवली. आलेलं पत्रक आधी उजेडात धरायचं, मग कागद चोळून बघायचा. गुळगुळीत लागला की म्हणत, "न्हाय परवडायचं. दिखावा लई हाय." गिऱ्हाइकांचीही सुटका नसे. खण घ्यायला आलेल्या एका बाईंना लेकाच्या वसतिगृहातल्या आमटीबद्दल त्यांनी इतकं खोदून विचारलं की बाई खण विसरून गेल्या आणि मालकांनी कपाळाला हात लावला.

शेवटी एक खरखरीत, शाई फुटलेलं पत्रक त्यांच्या मनात भरलं. "ह्यो टिकाऊ माल. हुशार पोरांना फी माफ, हितंच लिवलंय की." महिनाभर सगळा मुलूख पालथा घातल्यावर सापडलेलं हे कॉलेज दुकानापासून चालत वीस मिनिटांवर होतं.

मुलाखतीच्या सकाळी त्यांनी मला वाटेत पढवलं, "पयल्या बोलीला हो म्हणायचं न्हाय. उठायचं, पायऱ्या उतरायच्या. मागनं हाक येतीच." मी नको तिथे आज्ञाधारक. प्राचार्यांनी गुणपत्रिका पाहिली, इतिहासावर दोन प्रश्न विचारले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "पूर्ण फी माफ करू. पुस्तकं ग्रंथालयातून घ्या." याच्यापुढे मागायला काही उरलंच नव्हतं. तरीही मी म्हणालो, "साहेब, शेवटचं सांगा." त्यांनी चष्मा काढला. मी उठलो. "बघतो, अजून दोन ठिकाणी दाखवायचंय," असं सांगून बाहेर पडलो.

आतोबा पायऱ्यांखाली उभे होते. "काय दिलं?"

"सगळी फी माफ."

"मग?"

"उठून आलो."

"हाक आली?"

"नाही."

"सावकाश चाल," ते म्हणाले. आम्ही फाटकापर्यंत वरातीच्या चालीने गेलो. मागे चिमणीसुद्धा बोलली नाही. मला आडतीवरची पोती दिसायला लागली. आतोबा थांबले, टोपी काढून हातात घेतली आणि उलटे फिरले. प्राचार्यांच्या दारात उभं राहून म्हणाले, "साहेब, पोरगं गुणी हाय. बोलणं माझं हुतं. मला दुकानाबाहीरचं कळत न्हाय." प्राचार्य पोट धरून हसले आणि अर्ज पुढे सरकवला.

सही करून मी अक्षरशः नाचत बाहेर आलो, तर आतोबा दिसेनात. शोधत गेलो. व्हरांड्यात एका वर्गाच्या खिडकीशी ते उभे होते, टोपी अजून हातातच. आत कुणीतरी जुन्या राजांच्या लढाया शिकवत होतं. "चला, दुकान उघडायचंय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब की जरा. संपू दे."

तास संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.