सुट्टीतलं एक सोपं गणित

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी माझी सातवीची गणितं पक्की करून घ्यायचं ठरवलं. फरीदाबादच्या कारखान्यातून दुपारी जेवायला आले की ते वहीत एक गणित घालायचे आणि संध्याकाळी तपासायचे. मला अस्सा राग यायचा! आधी गणितांत मजूर भिंती बांधायचे. मग कारखान्यात परदेशी मशीन आलं आणि गणितंही बदलली.

‘खात्यातल्या बारा माणसांचं काम आता एक मशीन करतं. मशीनवर तीन माणसं पुरतात. किती उरली?’

हे काय सातवीचं गणित? मी फटकन नऊ लिहून टाकलं.

संध्याकाळी बाबा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. त्यांच्या खात्यात बाराच माणसं होती.

“पुन्हा कर,” ते म्हणाले.

मी पुन्हा केलं. नऊच आले.