सात विद्यार्थी आणि भाऊसाहेब

दिल्लीतल्या हिंदूरावचा चढ संपता संपता विजयमालाबाईंना दम लागला. ते कबूल करण्यापेक्षा झाड बघत उभं राहणं बरं, म्हणून त्या थांबल्या. तासभर चालून झालं होतं, आणि परतीचं अजून बाकीच होतं.

"काय देखणा वड आहे हो, भाऊसाहेब! आमच्या सरोजिनी नगरातल्याला इतक्या पारंब्या नाहीत."

"किती आहेत?"

"एकही नाही. नगरपालिकेवाले छाटून नेतात."

भाऊसाहेब म्हणजे त्यांच्या यजमानांचे शाळेपासूनचे मित्र. फरिदाबादकडच्या एका युनिव्हर्सिटीत ते वनशास्त्र शिकवत. त्यांनी डोळे बारीक केले. "पानं लांब देठाची, टोकदार? पालवी तांबूस?"

"अगदी बरोबर!"

"मग वहिनी, तुमचा तो वड नाही, पिलखन आहे."

विजयमालाबाईंनी मनातल्या मनात सावित्रीची क्षमा मागितली. बावीस वर्षं त्या पिलखनाला सूत गुंडाळत आल्या होत्या, आणि एकट्या नाही. कँटोन्मेंटमधल्या फौजींच्या बायका बस बदलून यायच्या, कारण विजयमालाताईंना खरा वड ठाऊक आहे अशी त्यांची ख्याती होती. ती ख्यातीही त्यांनी स्वतःच पसरवली होती.

"तुमच्या मित्राला साखर झाली ती उगाच नाही," त्या म्हणाल्या.

"त्याला साखर झाली ती बालूशाहीनं. पिलखन वडाच्याच घरातला आहे, चुलत भाऊ म्हणा. आणि हसू मी कोणत्या तोंडानं? तुमच्या मागं निदान बायका तरी येतात."

त्यांच्या मागं कोणी येईनासं झालं होतं. आलापल्लीच्या सागवान डेपोत मोजणीदार असलेल्या बापाचा हा मुलगा एकोणऐंशी साली दिल्लीत आला आणि तीस वर्षं जंगल शिकवत राहिला, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली. पहिल्या वर्षी चाळीस मुलं होती, काही खिडकीत बसायची. मग तीस झाली, मग बारा. यंदा संध्याकाळच्या डिप्लोमाला सात अर्ज आले होते. शुक्रवारपर्यंत आठ झाले नाहीत तर कोर्स बंद, असं पत्र आलं होतं. भाऊसाहेबांना निवृत्तीला दोन वर्षं होती. ती हॉस्टेलच्या कुंड्यांवर देखरेख करण्यात जाणार होती.

"तुम्ही जरा फिरा की शाळांमधून," त्या म्हणाल्या.

"फिरलो ना. प्रवेशाच्या मेळाव्यात टेबल मांडून बसलो. एक बाई म्हणाल्या, 'सर, बच्चा ये पढ़कर माली बनेगा क्या?' मी म्हटलं, 'बहनजी, माली को नौकरी जल्दी मिलती है.'"

"अहो, असं कोणी सांगतं का!"

"खरं होतं ते. मुलगा हसला, बाईंनी त्याला दंडाला धरून शेजारच्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी नेलं. आठवा तोच होता, वहिनी. माझ्याच तोंडानं घालवला."

विजयमालाबाई हसल्या, आणि त्यांना स्वतःचं आठवलं. पाच वर्षांपूर्वी भाऊसाहेबांनी त्यांच्या मुलाला, जयंतला, वनशास्त्राला येतोस का म्हणून विचारलं होतं. पोरगा दिवसभर झाडावर असायचा, डोळे कसे चमकले होते त्याचे! आणि आपण काय सांगितलं? त्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. देवाधर्माचं एवढं करणारी बाई, तोंडावर धडधडीत खोटं बोलली. जयंत आता गुडगावला काचेच्या ऑफिसात बसतो, आणि तिथल्या एसीनं शिंकतो.

"भाऊसाहेब, जयंतला अ‍ॅलर्जी नव्हती हो."

"माहीत आहे. तुमच्याच जांभळावरून उतरून आला होता तो, चहा द्यायला."

त्यांना कुठं बघावं कळेना. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझ्या दोन्ही मुलांना मी स्वतः इंजिनिअरिंगला घातलं. वनशास्त्राचं नावसुद्धा काढलं नाही घरात."

 मग भाऊसाहेबांनी पिशवीतून चार घड्या घातलेला प्रवेशअर्जाचा कागद काढला आणि शर्टाला घासून सरळ केला.

"वयाची अट नाही, मी वाचून पाहिलं. बहुतेक घालायला विसरले असतील. पेपर हिंदीत लिहिता येतो. तुमचं ऑफिस सुटल्यावर सव्वासहाचा वर्ग."

"मी? चोपन्नाव्या वर्षी? यार-यार करणाऱ्या पोरांत?"

"नुसतं नाव लावा म्हणत नाही, वहिनी. तसलं आठवं नाव मला केव्हाच मिळालं असतं. तुम्ही खरोखर वर्गात येऊन बसा. वर्षभर."