नावं बदलून वाचा

“नावं बदलून वाचा, बाई.”

साहेबांनी असं म्हटलं की माझा चहा थंड होणार हे ठरलेलं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात मी त्यांची स्टेनो होते. साहेब निकाल सांगायचे, मी टाइप करून कागद त्यांच्यापुढे ठेवायचे. इथवर सगळीकडे असंच असतं. पण हे गृहस्थ सहीसाठी पेन उचलण्याआधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि अख्खा निकाल मला मोठ्यानं वाचायला लावायचे. तोही सरळ नाही. जिथे बायको लिहिलंय तिथे नवरा वाचायचं, जिथे नवरा तिथे बायको.

पहिल्या दिवशी मला वाटलं, उन्हानं यांच्या डोक्यावर परिणाम झाला. साहेब साताऱ्याकडचे, ऐन मे महिन्यात बदली होऊन आलेले. बाहेर रस्ते तापलेले, चेंबरमध्ये कूलरची घरघर, आणि हे म्हणतात नावं उलटी करा. मी वाचायला लागले आणि तिसऱ्याच ओळीला जीभ अडखळली.

“सावकाश,” साहेब म्हणाले. “आणि स्वर लावू नका. तुमचं मत तुमच्या आवाजात ऐकू येतंय.”

आता माझं मत असायचंच, ते काय झाकून ठेवता येतं? तुम्ही कधी कोर्टात मागच्या बाकावर बसला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल. साक्ष सुरू होते न होते तोच आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. कोण रडलं, कोणाचे कपडे इस्त्रीचे, कोणाचा वकील रुबाबदार. न्यायाधीशही माणूसच. फरक एवढाच की आपला निकाल आपल्यापाशी राहतो आणि त्यांचा निकाल दुसऱ्याच्या घरात शिरतो.

साहेबांना खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या त्या मिश्रणाचा, भयंकर तिटकारा. नागपुरात राहून खर्ऱ्यावर राग धरायचा म्हणजे रोजचाच मनस्ताप. एकदा पोटगीच्या प्रकरणातला नवरा गाल फुगवूनच कोर्टापुढे उभा राहिला. साहेबांनी त्याला बाहेर जाऊन चूळ भरून यायला लावलं, पण राग काही गेला नाही. त्या निकालात तो माणूस ‘बेजबाबदार’ होता, ‘उर्मट’ होता, ‘बेफिकीर’ही होता. मी नावं बदलून वाचलं. बायको उर्मट, बायको बेफिकीर. साहेबांनी डोळे उघडले आणि हे पुराव्यात कुठे आहे ते विचारलं. मी कागद चाळले. कुठेच नव्हतं.

“मग हा खर्रा निकालात आला कसा?” असं म्हणत त्यांनी एकेक शब्द खोडला. पोटगी होती तेवढीच राहिली, शिव्या तेवढ्या गेल्या.

दुप्पट काम पडायचं म्हणून मी घरी चिक्कार कुरकुर करायचे. निकाल एकदा लिहायचा, मग उलटा वाचायचा, मग पुन्हा लिहायचा. पण एका प्रकरणानंतर मी कुरकुर बंद केली.

चार वर्षांची मुलगी होती. आई इथल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स, बाप सावनेरकडच्या कोळसा खाणीत कामाला. दोघं वेगळे झाले होते. भांडीकुंडी, दागिने, सगळं त्यांनी आपसात समजून वाटून घेतलं होतं. मुलगी वाटता येत नव्हती. ती कोणाजवळ राहणार, एवढंच साहेबांना ठरवायचं होतं.

बाप साक्ष देताना रडला. बिचाऱ्याजवळ रुमालही नव्हता, त्यानं बाहीनं डोळे पुसले. आई रडली नाही. विचारलं तेवढंच उत्तर, तेही तुटक. रात्री ड्यूटी असते का? असते. मग मुलीजवळ कोण? माझी आई. बस, संपलं. मला तर ती बाई आवडलीच नाही. पोटच्या पोरीसाठी दोन टिपं गाळायला काय जातं, असं मी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

साहेबांनी निकाल सांगितला तो सरसर. एरवी एकेक वाक्य तीनदा फिरवणारा माणूस त्या दिवशी कुठे अडला नाही. मुलगी बापाकडे. आई रात्री घराबाहेर असते, लहान लेकराला रात्री जवळ माणूस हवं, सबब मुलीनं वडिलांकडे राहावं. मला अगदी पटलं. मी खुशीत कागद काढले आणि उलटं वाचायला बसले.

“वडील रात्रपाळीला जात असल्याने त्यांचे मुलीकडे दुर्लक्ष होते, हे उघड आहे,” मी वाचलं आणि आपोआप थांबले.

खाणीत काय रात्रपाळी नसते? माझा मामा जन्मभर खाणीत होता, रात्र रात्र घरी नसायचा. त्याचं पोरांकडे दुर्लक्ष होतं, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. उलट किती राबतो म्हणायचे.

साहेबांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, “या माणसाची पाळी कोणती, हे कोणी विचारलं होतं का हो?”

कोणीच विचारलं नव्हतं. तिच्या वकिलानं नाही, त्याच्या वकिलानं नाही आणि साहेबांनीही नाही.

साहेबांनी डोळे उघडले. मग चष्मा हातात घेऊन म्हणाले, “बाई, माझी आई एक रात्र घराबाहेर राहिली नाही. हा निकाल मी लिहिलाच नाही, तिनं लिहिलाय.” आणि त्यांनी तो कागद फाडला.

दोघांनाही पुन्हा बोलावलं. या वेळी साहेबांनी दोघांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारले. पाळी कोणती? रात्री मुलीजवळ कोण? बापालाही रात्रपाळी होती आणि त्याच्या घरी त्याची म्हातारी आई होती. नर्सच्या घरी रामटेकहून येऊन राहिलेली तिची आई होती. म्हणजे रात्री दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. मग साहेबांनी दिवसाचं विचारलं. ताप आला तर कोणतं औषध? पोरगी कशाला घाबरते? झोपताना काय लागतं? आईनं आपल्या त्याच तुटक आवाजात सगळं सांगितलं. बाप मात्र प्रत्येक वेळी थोडं थांबायचा आणि म्हणायचा, “ते तिच्या मायले माहीत, साहेब.”

मुलगी आईकडे राहिली. शनिवार-रविवार आणि सुट्या बापाकडे.

निकालाची प्रत घेऊन तो बाहेरच्या बाकावर बोट फिरवत वाचत बसला होता. मला पाहून उठला. मला वाटलं, आता हा भांडणार.

“तिले सारेच इचारत होते रात्रीचं,” तो म्हणाला. “मले कोणीच नाही इचारलं, साहेबानंच इचारलं. पोरगी तर गेली, मॅडम. पण खोटं एक बी नाही लिवलं.”

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. ते कागद पुढे ओढून शेवटचं पान पाहत राहिले. मग म्हणाले, “शनिवारची वेळ दुपारची लिहिलीय ना आपण? तो रात्रपाळी करून येईल, त्याला थोडं झोपू दे.”

माणूस हा असा होता.

साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. दिवाळीला त्यांचा फोन यायचा. बोलताना माझ्या घशाची चौकशी हमखास करायचे, कारण तो मला वाचायला लावून लावून त्यांनीच बसवला होता. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी स्टाफच्या ग्रुपवर बातमी आली, साहेब गेले. दुसऱ्या दिवशी कोर्टात शोकसभा ठरली आणि शोकठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी कॉम्प्युटरपुढे नुसतीच बसून होते. आमचे अधीक्षक मागे येऊन उभे राहिले.

“काहून एवढा त्रास करून घेऊन राहिल्या, मॅडम? जुना ठराव आहे न. नाव बदला, झालं.”

त्यांचंही चूक नव्हतं. वर्षानुवर्षं आमच्याकडे तसंच चालत आलं होतं. मी जुना ठराव उघडला आणि साहेबांचं नाव घातलं. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, न्यायप्रिय, न भरून निघणारी पोकळी. मग सवयीनं नाव बदलून मोठ्यानं वाचलं. साहेबांच्या आधीचे साहेब त्यात बसले. त्यांच्याही आधीचे बसले. अधीक्षक बसले. एवढंच काय, तो खर्रावाला नवराही त्यात झकास बसला.

निकालात कोणाचंही नाव घातलं तरी तो खरा ठरला पाहिजे, हे मी साहेबांकडून शिकले होते. पण माणूस गेल्यावरही कोणाचंही नाव चालावं? मला रडू फुटलं. मी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. मिटलेले डोळे लिहिले, टेबलावरचा चष्मा लिहिला, थंड झालेला चहा लिहिला. स्वतःच्या लिखाणावर चटकन विश्वास न ठेवणारे, असं लिहिलं. रात्रपाळी करून येणाऱ्या बापाला थोडं झोपू देणारे, असंही लिहिलं. मग एकेक नाव घालून पाहिलं. एकही बसलं नाही.

अधीक्षकांनी कागद उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला.

“चांगलं लिहिलं, मॅडम. पण हे पुढच्या वेळी कामी नाही येणार.”

“नाही येणार,” मी म्हटलं आणि प्रिंट काढली.