पावसाळ्याच्या बाटल्या

अन्वी, अद्वैत,

गेल्या रविवारी अन्वी फोनवर म्हणाली, "आजी, मी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या जड ऑक्सिजनवर काम करतेय. तुला कसं समजावू?" मी विषय बदलला. खरं तर टेंभुर्णीच्या शाळेत हाच विषय मी चार वर्षं टाइप केला आहे. ज्या सरांसाठी केला ते आता नाहीत, आणि त्यांचं काम कुणामुळे बिघडलं हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून लिहिते.

ते विज्ञान शिकवायचे, मी इंग्रजी. मधल्या सुट्टीत आलेखाचा कागद माझ्या टेबलावर पसरायचे, पेन्सिलीचं मागचं टोक त्यावर आपटायचे आणि म्हणायचे, "बाई, बराबर बसून न्हाई राह्यलं."

बसवायचं काय, तर ते असं. ऑक्सिजन बहुतेक हलका असतो, थोडा जड असतो. पानात शिरलेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या पाण्याशी ऑक्सिजनची अदलाबदल करतो आणि बराचसा पुन्हा बाहेर पडतो. मातीतही तसंच. म्हणून हवेतल्या त्या वायूमधला जड ऑक्सिजन मोजला, तर शिवार किती श्वास घेतं ते कळतं. कोणत्या महिन्यात तो किती भरेल हे सर गणिताने आधीच काढायचे. तेच त्यांचं मॉडेल. मग खरी हवा भरून दूरच्या एका प्रयोगशाळेकडे मोजायला पाठवायचे; शाळांना बाटल्या पुरवण्याची तिची एक योजना होती.

भर दुपारी वावरात, वाऱ्याकडे तोंड करून, श्वास रोखून ते दोन्ही टोकांना नळासारखी चावी असलेली काचेची बाटली भरायचे. शेजारचा शेतकरी बांधावरून विचारायचा, "सर, हवा भरून राह्यले का? आमच्या वावरातली बी आली असंल तिच्यात." चावी बंद होईपर्यंत उत्तर नाही. मग म्हणायचे, "आली असंल तर हिस्सा घेऊन जा."

उन्हाळ्याचे ठिपके त्यांच्या रेघेवर बसायचे. जून ते सप्टेंबरचे कुठल्या कुठे. दरवर्षी ते गणित नव्याने मांडायचे आणि दरवर्षी मी नवं पत्र टाइप करायचे.

"तुमचं गणितच चुकत असेल," एकदा मी वैतागून म्हणाले.

"असंल," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पानापासून बसले. मला त्यांचा राग यायचा. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही.

चौथ्या वर्षी प्रयोगशाळेचं पत्र आलं. इंग्रजी म्हणून आधी मीच वाचलं. पावसाळ्याच्या बाटल्यांत ओल सापडली होती. वायूने अदलाबदल केली ती त्या ओलीशी. आकडे हवेचे नव्हते, बाटलीतल्या पाण्याचे होते. आणि खाली, योजना बंद झाली आहे, उरलेल्या बाटल्या परत कराव्यात.

मोजणी होऊन बाटल्या परत आल्या की मी त्या विसळून पालथ्या ठेवायचे. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं विसळल्याशिवाय वापरायचं नाही, ही माझी शिस्त. उन्हाळ्यात त्या लगेच खडखडीत व्हायच्या. पावसाळ्यात आत थोडा दमटपणा राहायचा, तो मला स्वच्छच वाटायचा.

मी त्यांना हे सांगितलं.

"पाणी कुठलं होतं, बाई?"

"शाळेच्या हातपंपाचं."

त्यांनी आलेखाचा कागद पुढे ओढला. "म्हंजे चार पावसाळे मी हातपंपाचं मॉडेल बसवून राह्यल्तो."

"रागवा तरी."

"मंग रागवू कुणाला? बाटली कोरडी पाहिजे, हे मी कधी सांगितलंच न्हाई तुम्हाला."

वाईट याचं की त्यांचं पहिल्या वर्षीचं गणित कदाचित बरोबरच होतं, आणि माझ्या पाण्यासाठी त्यांनी ते तीनदा मोडलं. पुढे बाटल्या मागणारी किती पत्रं मी टाइप केली. उत्तरं नम्र आली, बाटल्या आल्या नाहीत. निवृत्तीनंतर ते मुलाकडे नवीन जालन्याला गेले, आणि तिथेच वारले.

पहिल्या वर्षाचा आलेख त्यांनी मला दिला होता, तो माझ्याकडे आहे. उन्हाळ्याचे ठिपके रेघेवर आहेत. पावसाळ्याचे ठिपके त्यांनी स्वतः खोडरबराने पुसले. तिथे नुसती रेघ आहे.