हात आवरणं

सुनीती तांबे बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. १९८५ साली त्यांनी दिघ्यात, राहत्या वस्तीतच, मुलींसाठी ज्युदोचा वर्ग काढला. लग्नाआधी परळला असताना त्या स्वतः ज्युदो शिकल्या होत्या. बुद्धविहारामागच्या अंगणात पेंढा भरलेली पोती अंथरायची, वर ताडपत्री ताणायची, झाली मॅट.

पहिले तीन महिने त्या फक्त पडायला शिकवायच्या.

"बाई, पाडायचं कधी?" पुतळा दर आठवड्याला विचारायची. एका हमालाची ही सतरा वर्षांची मुलगी भलतीच चपळ होती.

"आपटल्यावर कसं लागतं ते आधी आपल्या अंगाला कळू दे," बाई म्हणायच्या.

वर्षभरात पुतळा सगळ्यांत तरबेज झाली. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं. त्याच आठवड्यात बसस्टॉपवर नामदेव नावाच्या तरुणाने तिची ओढणी खेचली. पुतळाने त्याला तिथल्या तिथे आडवा केला. "चुकलो, सोड," म्हणत तो उठला आणि चालू लागला. तिने त्याला मागून धरून पुन्हा आपटलं. त्याचं मनगट मोडलं.

वस्तीत पुतळाची वाहवा झाली. बाईंनी तिला समोर बसवलं. "पहिल्यांदा पाडलंस ते बरोबरच. दुसऱ्यांदा का?"

"राग आलेला, बाई."

"तो चुकलो म्हणाल्यावरही?"

बाईंनी स्पर्धेतून तिचं नाव काढून घेतलं. "वर्गाला मात्र रोज यायचं. नव्या मुलींना पडायला शिकवायचं."

पुतळा चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली, आणि नेमका त्याच संध्याकाळी नामदेवचा थोरला भाऊ अंगणात शिरला. "पोरींना गुंडगिरी शिकवता काय?" म्हणत त्याने बाईंच्या कानाखाली वाजवली.

पुतळा धावली. "जागेवर बस!" बाई ओरडल्या. त्याने पुन्हा हात उगारला तेव्हा त्यांनी तो हात धरला, स्वतः वळल्या आणि त्याला अलगद ताडपत्रीवर बसवलं. कुठे खरचटलंसुद्धा नाही.

"तुमच्या भावाने छेड काढली, ती त्याची चूक. मनगट मोडलं, ती आमच्या मुलीची. दोन्ही बोलू. आधी पाणी प्या."

तो माणूस निवळला. पाणी पिऊन, मान खाली घालून गेला. बाईंच्या गालावर बोटं उमटली होती.

"मलाही राग आला होता," त्या मुलींना म्हणाल्या. "वाटलं, चांगला तोंडावर पाडावा. हात आवरायला आजही जोर लागला मला."

रविवारी पुतळा कुणी न सांगता नामदेवच्या घरी गेली. "दुसऱ्यांदा पाडलं, ते माझं चुकलं."

प्लास्टरकडे बघत नामदेव पुटपुटला, "पहिली चूक माझीच होती."

पुढच्या वर्षी ती स्पर्धेत उतरली आणि दुसरी आली. १९८९ मध्ये बाईंची अलिबागला बदली झाली. निरोपाला भाषणं झाली नाहीत. मुलींनी ताडपत्री धुतली, पोत्यांत नवा पेंढा भरला, आणि बाईंनी शेवटचा तास नेहमीसारखाच घेतला.