विहीणबाईंसाठी केलेलं मॉकटेल

मी केलेलं मॉकटेल पिऊन आजवर कुणालाही दवाखान्यात न्यावं लागलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत त्या रविवारबद्दल काहीबाही बोललं जातं आणि बोलणाऱ्यांपैकी एकही जण तिथं हजर नव्हता.

झालं असं, की आमच्या सायलीनं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा ओंकार परब, कोपरखैरण्याचा, गाव कुडाळजवळ. मुलगा चांगला, नोकरी चांगली, वागायला गरीब. प्रश्न होता तो दोन आयांचा. त्याची आई फटकळ म्हणून त्यांच्या इमारतीतल्या चाळीस बिऱ्हाडांत प्रसिद्ध, आणि मी... आता माझ्याबद्दल मी काय सांगू? मी खरं बोलते. लोक त्याला फटकळपणा म्हणतात, तो त्यांचा प्रश्न.

मे महिन्यात परब मंडळी पहिल्यांदा घरी येणार असं ठरलं आणि सायलीनं मला बेडरूममध्ये नेऊन दार लावलं. म्हणाली, आई, तू त्या दिवशी फक्त हसायचंस. मासे-मटण हा विषय काढायचा नाही, घाट-कोकण काढायचं नाही. लग्न कुठं करायचं हा विषय तर मुळीच काढायचा नाही.

आता लग्न मुलीकडचे करतात, म्हणजे ते साताऱ्यालाच व्हायला हवं, यात काढण्यासारखं आहे काय? पण पोरीचे डोळे भरून आले होते. मी गप्प बसले. (माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. स्वतःच्या आईची शपथ आईलाच घालणारी ही हल्लीची पिढी.)

मग मी ठरवलं, की बोलायचं नाही ना, ठीक आहे. खायला-प्यायला असं काही करायचं की समोरच्यांचीच बोलती बंद व्हावी. उकाडा इतका होता की चहाचं नाव काढलं तरी घाम फुटत होता. कांदेपोहे तर सगळेच करतात. मी मोबाईलवर एक मॉकटेल बघून ठेवलं होतं. उंच ग्लासात खाली हापूसचा रस, मध्ये कलिंगडाचा लालभडक थर, वर पुदिना, सब्जा आणि सोडा.

सासूबाईंनी विचारलं, मॉकटेल म्हणजे काय. मी सांगितलं, दारू न घालता केलेलं दारूसारखं पेय.

"मग दारू नाही, तर त्याला सरबत म्हणायला काय धाड भरली?" त्या म्हणाल्या.

फळं आणायचं काम ह्यांच्याकडे दिलं, तीच पहिली चूक. हे कोपऱ्यावरच्या गाडीवर गेले असते तर दोन कलिंगडं आली असती. पण आमचे हे साताऱ्याच्या मातीतले, घाऊक भाव दिसला की यांचा हात आखडत नाही. पहाटे वाशीच्या फळबाजारात गेले आणि सोसायटीच्या गणपतीला पुरतील इतकी कलिंगडं टेम्पोतून घेऊन आले. बाथरूममध्ये बादलीच्या जागी कलिंगड, पलंगाखाली कलिंगड. मिक्सर तापून बंद पडला, शेजारून दुसरा आणला, तोही तापला. दुपारपर्यंत मॉकटेल तयार झालं ते पातेलंभर. पातेलं म्हणजे आमच्याकडे बारशाच्या जेवणाला आमटी होते ते.

आता व्हिडिओतला लाल रंग काही येईना. कलिंगडं दिसायला लाल, रस मात्र पांढुरका गुलाबी. तेवढ्यात मला फ्रिजमधली बाटली आठवली. गेल्या महिन्यात ओंकारनं आणून दिली होती, त्याच्या आईनं घरी केलेलं कोकम म्हणून. दाट, गडद लाल, बघूनच जीव गार व्हावा असं. मला तर सुचलं म्हणून माझंच कौतुक वाटलं. विहीणबाईंच्या हातचं कोकम विहीणबाईंनाच मॉकटेलमधून द्यायचं, यापेक्षा मोठा मान तो कोणता? दुकानातलं कोकम सरबत मी वर्षानुवर्षं आणते, ते गोडमिट्ट असतं हे मला पाठ आहे. म्हणून मी साखर अजिबात घातली नाही आणि अख्खी बाटली पातेल्यात रिकामी केली.

थर वगैरे राहिले नाहीत. सगळं मिळून रंग आला तो फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकचा. पण पुदिना लावल्यावर बरं दिसत होतं.

मी चमचाभर चाखून बघणार, तर सासूबाईंनी हात धरला. घरात सोयरीक जुळतेय, आधी देवाला दाखव, उष्टं करू नकोस. देवापुढे वाटी ठेवली. पहिला घोट देवानं घेतला आणि त्यानंही काही सांगितलं नाही.

परब मंडळी आली ती घामानं निथळत. त्यांच्या गाडीचा एसी बंद होता. परबकाका सोफ्यावर बसले ते थेट पंख्याखाली, आणि परबबाई हसतच आत आल्या. मीही हसले. आम्ही दोघी इतक्या हसत होतो की सायली आणि ओंकार एकमेकांकडे घाबरून बघायला लागले. मग रीत म्हणून आम्ही त्या दोघांना गॅलरीत "जरा बोलून घ्या" म्हणून पाठवलं. कॉलेजपासून बोलतायत, पण रीत म्हणजे रीत.

मी ट्रे आणला. सासूबाईंनी थंडानं दात शिवशिवतात म्हणून चहा घेतला होता. बाकी चौघांच्या हातात ग्लास आले.

परबकाकांनी तहानेपोटी मोठा घोट घेतला आणि ते एकदम ताठ बसले. आमच्या ह्यांनी घेतला आणि ह्यांच्या भुवया टकलाच्या मध्यापर्यंत गेल्या. पण हे बोलले नाहीत. लग्नानंतर ह्यांनी माझ्या हातच्या पदार्थाला एकदाच नाव ठेवलं होतं, त्यानंतर पुन्हा ठेवलं नाही. मग मी घोट घेतला.

काय सांगू! जुहूच्या समुद्राचं पाणी त्यापुढे अळणी लागलं असतं. खारट तर होतंच, वर आंबट असं की कानामागे कळ गेली. मी घाबरून परबबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे घोट घोट पीत होत्या आणि हसत होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "वेगळं आहे."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे हे असंच असतं! कोकणातली माणसं समुद्राकाठची, त्यांना खारट आवडत असणार. घरचं कोकम असंच लागत असणार, दुकानातलं आपण पितो ते भेसळीचं. आणि आता मी तोंड वाकडं केलं, तर तो घाट-कोकण विषय काढल्यासारखाच झाला. मी ग्लास तोंडाला लावला आणि डोळे मिटून अर्धा केला.

परबकाकांनी औषधासारखा एका दमात संपवून टाकला. बिचाऱ्यांना वाटलं, सुटलो. पण रिकामा ग्लास दिसल्यावर पाहुण्याला विचारायचं तरी काय असतं? मी पुन्हा भरला. ते नको नको म्हणाले, ते तर सगळेच म्हणतात.

"वहिनी, तुम्हीपण घ्या ना," मी परबबाईंना म्हटलं. "पातेलंभर आहे."

"तुम्ही कुठं घेताय? आधी तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या.

मी घेतला. मग त्यांनी घेतला. त्यांनी घेतला म्हणून मी परत घेतला. माघार कोण घेणार? माझ्या पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. माझी जीभ हळूहळू जाड व्हायला लागली होती आणि परबबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, लेकाचं लग्न जमतंय म्हणून आलं असेल.

एवढ्यात गॅलरीतली जोडी आत आली. तिथं ऊन मरणाचं, ओंकारला तहान लागलेली. त्यानं ट्रेमधला ग्लास उचलला, गटकन घोट घेतला आणि तोंडावर हात दाबून बेसिनकडे पळाला. परत आला तो लालबुंद होऊन.

"आई, हे आपलं आगळ आहे," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," परबबाई म्हणाल्या. "त्यातलं मीठ माझ्याच हातचं आहे."

आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून ठेवलेला रस; तो सोलकढीत चमचा-दोन चमचे घालतात, अशी नवीन माहिती मला त्या दिवशी मिळाली. बाटली ज्यानं आणून दिली त्यानं ती देतानाच सांगायला नको? पण जावई होणार म्हटल्यावर मी ते गिळलं. तसं त्या दिवशी बरंच काही गिळलं होतं.

"मग तू बोलली का नाहीस?" ओंकारनं विचारलं.

इथं परबबाईंचा बांध फुटला. "तूच शपथ घातलीस ना रे मेल्या! काय दिलं तरी नाव ठेवायचं नाही, तोंड उघडायचं नाही! आमका वाटला, घाटावरची माणसा अशीच पितत!"

"आणि मला वाटलं तुम्ही असंच पिता!" मी म्हटलं, आणि सायलीकडे वळले. हिनंही मला शपथ घातली होती. मग आम्ही दोघींनी मिळून त्या दोघांना असं काही फैलावर घेतलं, की खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. महिनाभर कोंडलेलं सगळं बाहेर आलं. सासूबाई आतून म्हणाल्या, तरीच देवापुढे वाटी कलंडली तिथं एक मुंगी फिरकली नाही.

परबबाई हसून हसून सोफ्यावर बसल्या. मला खरंच बरं वाटलं. अशी बाई मला आवडते. पोरगी चांगल्या घरात पडतेय, असं मनापासून वाटलं.

आणि नेमकं त्याच वेळी, पदरानं डोळे पुसत, त्या म्हणाल्या, "विहीणबाई, मग असं करू. लग्न आमच्या गावाला, कुडाळला. जेवणही आमचाच आचारी करेल. तुमच्याकडे नको हो, माझ्या माणसांच्या जिवाची मला काळजी आहे. चालेल ना?"

सायलीनं डोळे घट्ट मिटले. शपथ तर मोडलीच होती, आता मला अडवणारं कोणी नव्हतं. लग्न साताऱ्यालाच का, याची कारणं मी महिनाभर घोकून ठेवली होती. वर कोकणी माणसाच्या चिकटपणावर एक जबरदस्त वाक्य ओठांवर आलं होतं.

मी तोंड उघडलं. पण ते आगळ असं काही भिनलं होतं की तोंडात थुंकी शिल्लक नव्हती आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. मी जीव खाऊन जोर लावला. बाहेर आला तो एकच आवाज.

"हं."

परबकाकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. सायली येऊन गळ्यातच पडली आणि म्हणाली, आई, तू किती समजूतदार आहेस.

आमच्या घरात सगळं माझ्या शब्दावर ठरतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. लेकीचं लग्नसुद्धा माझ्याच शब्दावर ठरलं. फक्त तो शब्द "हं" होता.